काशीदच्या वाटेवरचे तीन ठेकेदार

मार्च एंडिंग उरकलं की काशीदला पळायचं, हा आमच्या ग्रुपचा नियमच! पांढरी वाळू, सुरूची झाडं, शहाळं आणि मोबाइल सायलेंटवर. यंदा मात्र ऑफिसच माझ्या मागोमाग काशीदला आलं. मी एका मोठ्या कन्स्ट्रक्शन कंपनीत अकाउंट्सला आहे. छोट्या ठेकेदारांची बिलं माझ्या टेबलावरून पुढे जातात. खरं सांगायचं तर, बरीचशी तिथेच पडून असतात.

शिवडीला अटल सेतूवर गाडी घातली आणि सगळ्यांचे कॅमेरे बाहेर आले. २१.८ किलोमीटर लांबीचा हा पूल १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला. एल अँड टी, जपानची आयएचआय, टाटा प्रोजेक्ट्स आणि कोरियाची देवू यांनी मिळून तो बांधला. यातल्या लांब गाळ्यांसाठी वापरलेलं खास पोलादी डेकचं तंत्र भारतात पहिल्यांदाच आलं. परदेशी तंत्र, महागडी मशिनरी, बँकेची गॅरंटी... हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. मोठ्या कंपन्या देशाला काय देतात, ते इथे डोळ्यांना दिसतं.

मग वडखळ, अलिबाग, चौल, रेवदंडा. कुंडलिकेचा पूल ओलांडला की साळाव, कोर्लई, बोर्ली, आणि एका वळणावर समुद्र! काशीदजवळ एक छोटा पूल लागतो. कोणी त्याचा फोटो काढत नाही. जुलै २०२१ च्या मुसळधार पावसात इथला जुना पूल कोसळला, एका दुचाकीस्वाराचा जीव गेला आणि अलिबाग-मुरुड रस्ता तुटला. असे छोटे पूल, मोऱ्या, जिल्ह्यातले रस्ते ही कामं सहसा सार्वजनिक बांधकाम खात्याकडे नोंद असलेले मधले ठेकेदार घेतात. ते नसतील तर अटल सेतूवरून आलेली तुमची गाडी इथल्या नाल्याशीच थांबेल!

तिसरा ठेकेदार भेटला आमच्या होमस्टेत. काकूंनी सुरमईचं ताट वाढता वाढता ३ जून २०२० चं निसर्ग वादळ सांगितलं. सुरू आडवे झाले, कौलं उडाली, पत्रे कुठल्या कुठे गेले. "तेव्हा आमचे मिस्त्रीच धावून आले. पैसे नंतर द्या म्हणाले, आधी छप्पर घालू."

हे मिस्त्री संध्याकाळी मागच्या खोलीचं प्लास्टर बघायला आले. हाताखाली सहा माणसं, एक मिक्सर, एक जुना टेम्पो. मी कुठल्या खात्यात आहे हे कळल्यावर हसले. "ताई, तुमच्यासारख्याच एका कंपनीचं गटाराचं काम केलं. चार महिने झाले, बिल पास होतंय म्हणतात. तुमच्याकडे महिन्याने पगार होतो. माझ्या माणसांना शनिवारी पैसे लागतात, रविवारी बाजार असतो."

"मग तुम्ही काय करता?"

"सिमेंटवाल्याची उधारी वाढवतो. नाहीतर बायकोचे दागिने आहेतच!"

माझा घास घशातच अडकला.

आमच्या प्रेझेंटेशनमध्ये एक स्लाइड कायम असते: बांधकाम म्हणजे देशाच्या अर्थव्यवस्थेतला साधारण ८ टक्के वाटा, आणि काम करणाऱ्या दर आठ भारतीयांपैकी जवळजवळ एक जण याच क्षेत्रात. त्या स्लाइडवर फोटो असतो क्रेनचा. पण त्या आठातला एक जण बहुतेक वेळा अशा मिस्त्रीच्याच हाताखाली असतो. त्याची कुठे नोंद नसते. राष्ट्रीय हिशेबात अशा कामाचा अंदाज बऱ्याच अंशी सिमेंट, पोलाद, विटा किती खपल्या त्यावरून बांधत आले आहेत. म्हणजे मिस्त्री देशाच्या हिशेबात येतात ते सिमेंटच्या गोण्या होऊन! छोट्या उद्योगांना ४५ दिवसांत पैसे मिळावेत म्हणून २००६ चा कायदा आहे, पण त्याचा आधार घ्यायला आधी नोंदणी हवी. मिस्त्रींकडे आहे फक्त एक वही.

आणि गंमत बघा, मोठ्या कंपनीचं कामही शेवटी त्यांच्यापर्यंतच येतं. आम्ही काम सब-काँट्रॅक्टरला देतो, तो पुढे, आणि सगळ्यात शेवटी मिस्त्रींची माणसं घमेली उचलतात. काम वरून खाली भराभर उतरतं. पैसा मात्र प्रत्येक टेबलावर चहा पीत बसतो. त्यातलं एक टेबल माझं.

रविवारी सकाळी समुद्रावर गेले, पण डोक्यात तेच. सोमवारी ऑफिसात पोचल्यावर आधी पेंडिंगची फाइल काढली. सगळ्यात जुनं बिल पाच महिन्यांपूर्वीचं, ८४ हजारांचं. आमच्या हिशेबात किरकोळ. ते अडलं होतं एका सहीसाठी. माझ्याच!

शनिवारच्या आत पैसे गेले. काशीदच्या मिस्त्रींचं बिल दुसऱ्याच कुणाच्या तरी टेबलावर आहे. तुमच्या नाही ना? एकदा बघून घ्या.

कसं जाल : मुंबईहून वडखळ-अलिबाग-रेवदंडामार्गे, किंवा भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरून पुढे गाडीने. पावसाळ्यात समुद्रात उतरू नका.