परळची चाळ, वरळीची चाळ

मुंबईला पाहुणा आला की आपण त्याला राणीचा बाग दाखवतो, चौपाटी दाखवतो, चैत्यभूमीला नेतो. पण त्याला परळच्या बी.आय.टी. चाळीतही नेले पाहिजे. परवा आम्ही सहकुटुंब गेलो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, माणसे पटापट मेली, तेव्हा कुठे सरकारला गरिबांची घरे आठवली. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. या चाळी त्या ट्रस्टच्या. इथल्याच ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत बाबासाहेबांचा संसार आणि अभ्यास वीस वर्षांहून जास्त काळ चालला. जिना चढताना मुलेसुद्धा गप्प झाली.

तेथून आम्ही वरळीला बी.डी.डी. चाळींकडे निघालो. ही पहिल्या महायुद्धानंतरची गोष्ट. गव्हर्नर लॉईडच्या सरकारने कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचे ठरवले. झाल्या सोळा हजारांवर थोड्या, चाळी २०७. त्यातल्या १२१ एकट्या वरळीत, बाकीच्या नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला. एका मजल्यावर वीस खोल्या, मधून अंधारा बोळ, टोकाला सामायिक संडास. खोली १६० चौरस फुटांची.

आणि गंमत पाहा, मुंबईत माणसाला टेकायला जागा नव्हती, तरी वरळीच्या पुष्कळ खोल्या सुरुवातीला कित्येक वर्षे रिकाम्या पडून होत्या! जवळ बाजारहाट नाही, जाण्यायेण्याची सोय अपुरी, भाडे कामगाराला न पेलणारे. सरकारने भिंती बांधल्या, वस्ती बांधायची राहून गेली. ती पुढे माणसांनीच बांधली. कोकणातून, घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांनी एकेका खोलीत दहा-दहा जण राहून, पोटमाळे टाकून, गाववाल्यांची मंडळे काढून. आपल्या लोकांनी विहार उभारले, जयंतीचे मंडप घातले. सगळे गोडीगुलाबीचे होते असे नाही. जानेवारी १९७४ ची दंगलही याच चाळींनी पाहिली. तरी रात्री-अपरात्री कोणी आजारी पडले तर बोळातली वीस दारे उघडत.

आता त्याच जागेवर टोलेजंग इमारती उठत आहेत. जमीन सरकारची, म्हणून काम खासगी बिल्डरकडे न सोपवता म्हाडाकडे दिले, हे धोरण आम्हाला योग्य वाटते. १६० फुटांच्या बदल्यात ५०० फुटांचे घर, तेही मालकीचे आणि फुकट. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. ज्या मायबहिणींनी जन्मभर बादली घेऊन संडासाच्या रांगेत उभे राहून दिवस काढले, त्यांना घरातल्या घरात मोरी-संडास म्हणजे काय, हे दिवाणखान्यात बसून चाळीच्या आठवणींचे गोडवे गाणाऱ्यांना कळायचे नाही.

पण खाली उभे राहून चाळीस मजल्यांकडे मान वर करून पाहताना मनात आले, लिफ्ट बंद पडली तर वरची म्हातारी माणसे खाली कशी येणार? बिघडलेला पंप, गळकी टाकी, जिन्यातला दिवा, याचा खर्च पेन्शनवर जगणाऱ्याच्या खिशातून कायम निघेल काय? आणि जयंतीचा मंडप कुठे, विहार कुठे, भाजीवाली मावशी कुठे बसणार? शंभर वर्षांपूर्वी राहून गेले ते हेच. हे प्रश्न गृहप्रवेशाच्या हारतुऱ्यांत बुडता कामा नयेत. नकाशे मंजूर होतात तेव्हाच चाळकऱ्यांच्या बायकांना बोलावून विचारायला हवे. दुपारची वस्ती कशी असते ते त्यांनाच ठाऊक.

जांबोरी मैदानावर पोरांचे क्रिकेट चालले होते. एका आजींना आम्ही विचारले, नव्या घरात करमेल का? त्या म्हणाल्या, "करमंल की. पण दार उघडं ठेवता येईल ना बाबा?"