होळीची रजा

बन्नीमंटप, म्हैसूर
२० जानेवारी

चि. मंजू,


तुझं पत्र काल दुपारी आलं. दोनदा वाचलं आणि मग काही सुचेना. तू विचारलंस एवढंच, की शिष्यवृत्तीच्या मुलींच्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या तासाला कोणती पुस्तकं घ्यावीत. ते पुढे सांगते. पण त्याच पत्रात जाता जाता लिहिलंस, की यंदा अक्राणीच्या मुलींना होळीला घरी सोडायचं नाही असं बैठकीत ठरलं आणि पालकांकडून तसं लिहून घेतलं. अंगठे घेतलेस, मंजू? तू?

परीक्षा तोंडावर असते, मुली वेळेवर परतत नाहीत, बुडालेला अभ्यास भरून निघत नाही, हे सगळं मला कळतं. पण सातपुड्यात होळी म्हणजे काय, हे तुला मी सांगायला हवं? काठी गावची होळी तू माझ्या शेजारी उभी राहून पाहिलीस, पहाटे पेटेपर्यंत. दादा दमून झोपला, तू नाही झोपलीस. गुजरातेत मजुरीला, ऊसतोडीला पांगलेली माणसं वर्षातून एकदा हमखास गावी येतात ती होळीला. आधी भोंगऱ्या बाजार, मग एकेका गावाची होळी. आई, बाप, भावंडं एका चुलीपाशी भेटायचे तेच दिवस. तुम्ही दिवाळीची लांब सुटी देता, तेव्हा कित्येकींच्या घराला कुलूप असतं. कुलूप बघायला पाठवायचं आणि माणसं आली की अडवायचं, असं तुमचं वेळापत्रक आहे. ते बदलता येतं. चाचणी आठवडाभर पुढे ढकलायला कोणाची परवानगी लागते?

आदिवासी विकास विभाग तुमच्यासारख्या नामांकित शाळांतल्या आदिवासी मुलांची फी भरतो, ते चांगलंच आहे. पण त्या योजनेत मूल पहिलीत घेतात, म्हणजे सहाव्या वर्षी. तू राजेंद्र भारुडांचं उदाहरण दिलंस. त्यांचं पुस्तक मीच तुला दिलं होतं, आठवतं? ते अक्कलकुव्याच्या नवोदयात गेले ते सहावीत. त्याआधीची वर्षं सामोड्यात, आईजवळ, गावच्या शाळेत गेली होती. ते कलेक्टर झाले हे सांगताना ती वर्षं का गाळतेस? हेमलकशाची शाळाही १९७६ पासून निवासीच आहे, पण ती माडियांच्या मुलखात आहे. तिथे पोराला भेटायला बाप जंगलातून चालत येऊ शकतो. तुमच्याकडे धडगावहून यायचं तर दोन एसट्या बदलायच्या, मजुरी बुडवायची आणि फाटकावर ऐकायचं, की आज भेटीचा रविवार नाही. ‘पालक न सांगता उगवतात’ हे तुझं वाक्य मला फार लागलं. कसं सांगून येतील ते? कोणाला सांगतील, कोणत्या भाषेत?

ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या, पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. गुरं राखणारी वारली मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघांनी मुलांना दंड केला नाही. शाळाच कुरणात नेली. तू त्याच टेकडीवर शिकलीस ना गं? इथे म्हैसुरात दसऱ्याआधी जंगलातल्या छावण्यांमधून हत्ती येतात, तेव्हा त्यांच्याबरोबर माहूत आणि त्यांचे मदतनीस कावाडी यांची कुटुंबंही येतात. त्यांत बरेच जेनू कुरुबा असतात. राजवाड्याच्या आवारात त्यांच्या मुलांसाठी तंबूची शाळा भरते. जंबूसवारीची मिरवणूक आमच्या बन्नीमंटपाच्या मैदानात येऊन संपली आणि हत्ती परतले, की मुलंही आईबापांबरोबर परत जातात. ‘दसरा सोडा, नाही तर शाळा सोडा’ असं कोणी त्यांना म्हणत नाही. ती शाळा काही आठवड्यांचीच, तिचे गोडवे मी गात नाही. पण सरकारी खात्याला जे जमतं, ते तुमच्या एवढ्या मोठ्या संस्थेला का जमू नये?

पुस्तकांचं म्हणशील तर थोडीच घे, मोठ्या अक्षरांची, भरपूर चित्रांची. त्याआधी प्रत्येकीला तिच्या पावरी भाषेत एक गोष्ट सांगू दे. ती देवनागरीत लिहून घ्या, मग तिचं मराठी, मग इंग्रजी. पावरी बोलणारी एखादी बाई वसतिगृहात रात्री राहायला हवी. शिकवणीच्या बाईंच्या आधी तिला नेमा. ताप आला, पोटात दुखलं, तर सहा वर्षांची पोर परक्या भाषेत काय सांगणार? अंगावर काढते बिचारी. आश्रमशाळांमधल्या किती दुखण्यांचं असंच झालंय, हे तुझ्यासमोर मी काय बोलू? म्हणून तर मला झोप नाही. ती धाकटी, जिच्याबद्दल तू दिवाळीत लिहिलं होतंस, ती अजून रात्री उठून दाराशी जाते का? या पत्रात तिचं नावही नाही. पहारेकऱ्याला सांगून ठेवलंयस ना? पोरं घरच्या ओढीनं रस्त्याला लागतात, आणि तुमच्या फाटकाबाहेर महामार्ग आहे.

सोबत चेक आहे. तो शिकवणीला लावू नकोस. त्यातून होळीला जायचं-यायचं एसटीचं भाडं दे, मुलींचं आणि न्यायला येणाऱ्या पालकांचंही. त्यांना रात्री टेकायला एक खोली आणि भाकरी मिळेल असं बघ. मुख्याध्यापकांना हे पत्र दाखवलंस तरी चालेल. ते अंगठ्यांचे कागद परत कर.

आणि त्या धाकटीचं लगेच कळव, फोनच कर.

तुझी,
आत्या