परसातलं दालचिनीचं पान

कोकणात अंगणात दालचिनीचं झाड असताना वाण्याकडून तमालपत्राची पुडी आणणं मला पटत नाही. ते पान हिमालयाच्या पायथ्याच्या रानांतलं. उत्तराखंडच्या तेजपत्त्याला तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याच्या मूळ गुणाबद्दल वाद नाही. पण पानातलं सुगंधी तेल उडून जाणारं असतं. गोदामात आणि दुकानाच्या उजेडातल्या पारदर्शक पिशवीत महिनोन्‌महिने पडून राहिलं की हाती उरतो तपकिरी पाचोळा, आणि मग आपणच म्हणतो, तमालपत्राला कुठे वास असतो!

‘दालचिनीचं पान म्हणजे तमालपत्र नव्हे’ हा आक्षेप खराच आहे. दोन्ही झाडं एकाच कुळातली, दोघांच्या पानांवर देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा. गंध मात्र वेगळा. दालचिनीच्या पानात युजेनॉल भरपूर, म्हणून ते लवंगेच्या अंगानं जातं. मसालेभातात ते घालताना एखादी लवंग कमी करावी, एवढीच तडजोड. गोड्या मसाल्यात तर हा लवंगी गंध मला अधिक शोभतो असं वाटतं.

दुसरा आक्षेप असा, की झाडावरचं हिरवं पान हाताशी असताना वाळवायचा खटाटोप कशाला? हिरव्या पानाला एक कच्चा, तुरट दर्प असतो. सावलीत वाळताना तो जातो आणि गंध एकवटतो. उन्हात वाळवलं तर रंगाबरोबर तेलही उडतं. तांबूस पालवी कधीच तोडू नये, तिच्यात अजून दम नसतो. गर्द हिरवी, कडक झालेली पानं घ्यावीत, तीही पावसाळा सरल्यावर. दमट हवेत बुरशी धरते. पानं सुपात एकेरी थरात पसरावीत, अधूनमधून उलटावीत. कडकन मोडू लागली की अख्खीच घट्ट झाकणाच्या डब्यात भरून अंधारात ठेवावीत. चुरा आधी करून ठेवला तर वाळवण्याची सगळी मेहनत फुकट जाते. झाड फार वाढेल ही भीती नको: दालचिनी छाटणी सोसते, बुंध्याशी कापली तरी नवे फुटवे येतात, आणि त्यांचीच पानं हाताला येतात.

स्वयंपाकात पान उकळत्या पाण्यात नव्हे, आधी कोमट तेलातुपात पडावं, कारण त्याचा गंध स्निग्धात उतरतो. ते काळं पडायच्या आत तांदूळ परतायला घ्यावेत आणि पाणी घालताच झाकण ठेवावं.