एकाच नावाचे दोन दर

सांगलीच्या हळदीच्या पेठेत ज्यांच्या घरी आडतीचा व्यवसाय चालत आला आहे, त्यांना खतावणीतील एक रीत सांगावी लागत नाही. पाटील आडनावाचे आणि एकाच नावाचे तीन शेतकरी माल आणत असतील, तर खात्याच्या डोक्यावर नावाबरोबर गावही लिहिले जाते : एक कवलापूरचा, एक बुधगावचा, एक नांद्र्याचा. गाव वगळले तर नाव खोटे ठरत नाही, अपुरे ठरते. आणि अपुऱ्या नावाखाली रक्कम भलत्याच्याच खाती जमा होते. रोजमेळ जुळतो, गल्ला जुळतो, कोठेही पैचा फरक दिसत नाही. म्हणूनच ही चूक सापडायला सर्वांत अवघड.

अशाच एका दुकानात वाढलेली मुलगी गेली काही वर्षे पुण्यात संगणकक्षेत्रात नोकरी करते. ती प्रोग्राम लिहिते, एवढे वडिलांना ठाऊक होते. पुढे उलगडले ते असे, की ती लिहिते ते प्रोग्राम दुसऱ्या एका प्रोग्रामची परीक्षा घेतात, आणि तो दुसरा प्रोग्राम म्हणजे डीबगर. चालता प्रोग्राम मध्येच थांबवून त्याच्या पोटात या क्षणी काय आहे, हे दाखवणारे हे साधन. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1986 मध्ये लिहिलेला ‘जीडीबी’ हा त्यांतला सर्वांत परिचित. प्रोग्राम चुकतो कोठे, हे शोधणारा माणूस डीबगरच्या शब्दावर विसंबतो. तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराची उलटतपासणी करणे हे तिचे काम.

त्यातही तिच्या वाट्याला आलेला भाग नावांचा होता. प्रोग्राममध्ये आकडा ज्या नावाखाली ठेवतात त्याला चल म्हणतात. मोठ्या प्रोग्राममध्ये शेकडो जणांचे हात लागतात, तेव्हा एकच नाव दोघांना सुचणे अटळ असते. यावर सी प्लस प्लस या भाषेने नेमस्पेसची सोय केली. 1998 च्या तिच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मानकात ती आहे. नेमस्पेस म्हणजे नावांचे घराणे. एका घराण्यात ‘दर’ असेल, दुसऱ्यातही ‘दर’ असेल. पूर्ण नावे ‘खरेदी::दर’ आणि ‘विक्री::दर’. (प्रत्यक्षात ही नावे इंग्रजीत लिहिली जातात, येथे ओळखीची घेतली आहेत.) घरात घरातल्या माणसाला आडनावाने हाक मारत नाहीत, तसे खरेदीच्या घराण्यातल्या आज्ञा नुसते ‘दर’ म्हणतात. डीबगरनेही आपण कोणत्या घरात थांबलो आहोत हे ओळखून आतून बाहेर शोध घ्यायचा असतो : आधी त्याच कार्यातला चल, मग त्या घराण्यातला, मग त्याच्या वरच्या घराण्यातला, शेवटी सर्वांसाठी खुला असलेला.

हे ज्ञान डीबगरला उपजत नसते. कंपायलर प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करताना सोबत एक टिपण ठेवतो. या टिपणाचा सर्वमान्य नमुना ‘ड्वार्फ’ या नावाने ओळखला जातो, आणि त्यात नेमस्पेसची स्वतंत्र नोंद आली ती तिसऱ्या आवृत्तीत, 2005 च्या अखेरीस. भाषेच्या मानकात घराणी आल्यावर सात वर्षांनी वंशावळीत त्यांना रकाना मिळाला! आजही दोन कंपायलर तीच गोष्ट थोड्या वेगळ्या रीतीने लिहितात. कंपायलर बदलतो, डीबगर बदलतो, आणि प्रत्येक बदलानंतर सगळी नावे हाताने तपासून पाहणे कोणालाही शक्य नसते. म्हणून परीक्षाही यंत्राकडेच सोपवतात. एक छोटा प्रोग्राम मुद्दाम लिहायचा, डीबगरला ठरावीक ओळीवर थांबवायचे, ‘दर दाखव’ म्हणायचे, आणि आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडायचे. जुळले की हिरवे, न जुळले की लाल.

तिच्याकडे आलेली अशी एक परीक्षा कित्येक महिने हिरवी होती. ती कोणी उघडून पाहत नव्हते. हिरव्या गोष्टी कोणी उघडत नाही. तिने उघडली ती एका ग्राहकाच्या पत्रामुळे. त्याला डीबगरने विक्रीच्या जागी खरेदीचा आकडा दाखवला होता आणि त्याचे तीन दिवस निर्दोष आज्ञांमध्ये दोष शोधण्यात गेले होते.

परीक्षेच्या प्रोग्राममध्ये दोन घराण्यांत दोन ‘दर’ होते, पण दोहोंना किंमत दिलेलीच नव्हती. सी प्लस प्लसमध्ये घराण्याच्या पातळीवरचा साधा अंकचल किंमत दिली नाही तर शून्यापासून सुरू होतो. डीबगरने खरेदीचा दर दाखवला काय किंवा विक्रीचा दाखवला काय, उत्तर शून्यच. अपेक्षितही शून्य. साक्षीदाराला असा प्रश्न विचारला जात होता की खरे आणि खोटे यांचे उत्तर एकच यावे.

दुसरी पळवाट तुलनेत होती. परीक्षा पूर्ण ओळ ताडत नव्हती. अपेक्षित तुकडा उत्तरात कोठेतरी सापडला की तिचे समाधान होई. ‘दर = 1’ हा तुकडा ‘दर = 12’ मध्येही सापडतो, हे ध्यानात यायला वेळ लागत नाही. परंतु तो ‘विक्री::दर = 1’ मध्येही सापडतो! म्हणजे आकड्यापुढचे घराणे चुकीचे छापले गेले तरी परीक्षा उत्तीर्ण. ज्या गोष्टीसाठी परीक्षा लिहिली, नेमकी तीच गोष्ट तिला दिसत नव्हती.

तिने खरेदीला 41 आणि विक्रीला 73 दिले. एकाचा आकडा दुसऱ्याच्या पोटात सापडू नये असे. बाहेरच्या खुल्या चलाला तिसरी किंमत दिली. तुलना ओळीच्या आरंभापासून अंतापर्यंत केली. परीक्षा लाल झाली. कारण दुसऱ्याच दिवशी सापडले. वेळ वाचावा म्हणून डीबगर एकदा शोधलेले उत्तर जवळ जपून ठेवी, पण ते जपताना घराणे गळून फक्त ‘दर’ हे नाव उरे. आधी खरेदीत थांबून मग विक्रीत गेले की जुनेच उत्तर हाती पडे.

नवी आवृत्ती आठ दिवसांवर आली होती. दुरुस्ती तेवढ्यात बसणारी नव्हती. त्या साठवणीवर इतर बरेच काही उभे होते. जुनी परीक्षा तूर्त परत ठेवावी, असे वरिष्ठांनी सुचवले. त्यात दुष्टावा नव्हता. तक्ता हिरवा असल्याशिवाय आवृत्ती बाहेर पडत नाही हा नियम त्यांनीच चांगल्या हेतूने घातला होता. त्या रात्री तिने घरी फोन केला. वडिलांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “अगं, पण ज्याचं खातं आहे त्याला कळवलंत का?”

जीडीबीच्या परीक्षांमध्ये उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण यांखेरीज आणखी काही शेरे असतात. त्यांतला एक ‘ज्ञात अपयश’ : हे चुकते आहे, आम्हांला ठाऊक आहे, आणि त्याची तक्रार अमुक क्रमांकाने नोंदलेली आहे. शेऱ्याची ही सोय म्हणजे या क्षेत्रातली फार सभ्य गोष्ट आहे. तिने तोच मार्ग मांडला. नवी परीक्षा राहील, तिच्यापुढे शेरा आणि क्रमांक राहील, आणि आवृत्तीसोबतच्या निवेदनात ग्राहकांना सांगितले जाईल की दोन घराण्यांत एकच नाव असेल तर डीबगरला पूर्ण नाव विचारावे. वरिष्ठांनी दोन दिवस घेतले. निवेदनातले वाक्य त्यांनी तीनदा बदलले, पण काढले नाही.

पुढच्या आवृत्तीत साठवण दुरुस्त झाली आणि तो शेरा निघाला. मग तिने निनावी घराण्याची परीक्षा हाती घेतली. सी प्लस प्लसमध्ये नेमस्पेसला नाव न देण्याचीही मुभा आहे. असे घराणे त्या त्या फाइलपुरते असते. दोन फाइलींत दोन निनावी घराणी आणि दोहोंत ‘दर’ असेल, तर पूर्ण नाव लिहूनही दोन्ही सारखीच दिसतात. जीडीबीत अशा वेळी आधी फाइलचे नाव सांगून चल मागता येतो. त्यांच्या डीबगरमध्ये ही सोय अजून व्हायची आहे. तिच्या तक्त्यावर त्या ओळीपुढे नवा क्रमांक पडला आहे, आणि या वेळी परीक्षेतले आकडे 41 आणि 73 च ठेवावेत की बदलावेत, यावर धाकट्या सहकाऱ्याशी तिचा वाद चालू आहे.