जेवणाच्या टेबलावरची आगगाडी

बेळगावात गोवा एक्स्प्रेस पकडली की मध्ये गाडी न बदलता थेट ग्वाल्हेरला उतरता येतं. गेल्या थंडीत आम्ही दोघं गेलो, ते किल्ला बघायला. पण मनात राहिली ती दुसरीच एक गाडी, चांदीची!

शिंदे घराणं मूळचं साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचं. जयाजीराव शिंद्यांनी 1874 मध्ये मायकेल फिलोस यांच्याकडून जयविलास महाल बांधून घेतला. आज महालाच्या एका भागात घराण्याची माणसं राहतात, उरलेल्यात संग्रहालय आहे. दरबार हॉलमधली ती दोन अवाढव्य झुंबरं बघून मान दुखते. छत पेलेल की नाही हे बघायला आधी वर हत्ती चढवले होते, ही गोष्ट तिथे प्रत्येकजण सांगतो.

भोजनगृहात मात्र माझे पाय थबकले. लांबलचक टेबल, त्यावर चक्क रूळ आणि रुळांवर चांदीचं इंजिन. मागे सात डबे. प्रत्येक डब्यावर एकेक इंग्रजी अक्षर : एस, सी, आय, एन, डी, आय, ए. डब्यांत कोरीव काचेच्या सुरया. विजेवर चालणारी ही गाडी जेवण झालं की पाहुण्यांपुढून फिरायची. कुणी सुरई उचलली की थांबायची, परत ठेवली की पुढे सरकायची. कळ महाराजांच्या हाताशी! एखाद्याला जास्त पाजायची नसेल तर गाडी त्याच्यापुढून भरधाव पळवायचे म्हणे. एका मेजवानीत ती बिघडली आणि मोठमोठ्या पाहुण्यांच्या अंगावर सांडासांड झाली, असंही सांगतात. खरंखोटं महालालाच ठाऊक.

ही हौस माधवराव महाराजांची. त्यांचं रेल्वेवेड टेबलापुरतं नव्हतं. ग्वाल्हेर संस्थानची दोन फुटी रुळांची रेल्वे त्यांच्याच काळात वाढली. श्योपूरपर्यंतची तिची सुमारे 200 किलोमीटरची वाट 2020 पर्यंत चालू होती, मग रुंदीकरणासाठी बंद झाली. खरी गाडी गेली, टेबलावरची राहिली.

राजेलोकांची चांदीसुद्धा कुठे टिकते? पतियाळाच्या महाराजांनी 1922 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीसाठी 1400 नगांचा चांदीचा सरंजाम इंग्लंडात करवून घेतला होता. 2013 मध्ये लंडनच्या लिलावात तो विकला गेला. आणि जयपूरचे ते गंगाजलाचे दोन प्रचंड रांजण? ते तर चांदीची 14000 नाणी वितळवूनच घडवलेले. एक चांदी आटते तेव्हा दुसरी उभी राहते.

हे सगळं मला त्या सात अक्षरांपुढे आठवत होतं, कारण घरून निघण्याआधी मी एक काम करून आले होते. लेकीच्या लग्नासाठी नवं ताट-वाटी करायचं म्हणून जुन्या सहा वाट्यांपैकी दोन सराफाकडे मोडीत दिल्या. पोचे पडलेल्या, काठ झिजलेल्या. सराफाने वजन केलं, घट वजा केली, पावती दिली. चार घरी ठेवल्या होत्या, परतल्यावर द्यायच्या म्हणून.

अत्ती तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, ‘करगिसब्याड.’ मला वाटलं, म्हातारपणाचा लोभ. पण आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ना! त्या बेळ्ळी बट्टलांच्या बुडाशी अत्तींच्या आईचं नाव कन्नडमध्ये कोरलेलं होतं. माझ्या माहेरच्या भांड्यांवर मराठीत आहे तसंच. मी ते वाचलंही नव्हतं. इथे मात्र काचेपलीकडची शिंद्यांची सात अक्षरं दोनदा वाचली.

‘चल, पुढची दालनं राहिलीत,’ हे म्हणाले. मी बाहेर अंगणात येऊन सराफाला फोन लावला. दोन्ही वाट्या आदल्या दिवशीच आटल्या होत्या.

उरलेल्या चार घरी आल्यावर मी विभूतीने घासल्या आणि अत्तींच्या पुढ्यात ठेवल्या. त्यांनी एकेक उलटी केली, बुडावरून बोट फिरवलं आणि विचारलं, ‘इन्नेरडु?’ आणखी दोन कुठे आहेत, म्हणून.