परकोटाच्या आतील आठ दिवस

निवृत्तीनंतर प्रवास करावा, पण घाई करू नये, असे आम्ही उभयतांनी ठरविले आहे. हॉटेलात उतरले की चार दिवसांत चौदा स्थळे पाहून होतात. घर भाड्याने घेतले की गाव पाहावयास मिळते. गेल्या वर्षी भाच्याच्या आग्रहावरून आम्ही बेल्जियममधील अँटवर्प येथे पंधरा दिवस राहिलो, ते अशाच भाड्याच्या घरात. १९०५ साली उघडलेले भव्य घुमटाचे रेल्वे स्थानक जवळच आणि हिऱ्यांच्या व्यापाराची होव्हेनियर्सस्ट्राट ही प्रसिद्ध गल्लीही त्याच परिसरात. १९६० च्या दशकापासून पालनपूरकडील अनेक जैन कुटुंबे तेथे स्थिरावली. विल्राइक या उपनगरात त्यांनी संगमरवरी मंदिर उभारले आहे.

घर शहराच्या ऐन मध्यावर. तरी रात्री इतकी शांतता की भिंतीवरील घड्याळ ऐकू यावे. घरमालकीणबाईंनी नियमांचा कागद लावून ठेवला होता. रात्री दहानंतर मोठ्याने बोलू नये. जिन्यावर पावले हळू टाकावीत. दुसरा नियम वाचला आणि मला चंद्रपूर आठवले. तेथेही एका जिन्यावर मी हळू पावले टाकीत असे.

१९८६ साली बँकेतील तरुण अधिकारी म्हणून माझी बदली चंद्रपूरला झाली. नवेच लग्न झालेले. जटपुरा दरवाजाच्या आत एका धान्यव्यापाऱ्याच्या घरी वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. खाली दुकान, मागे घर. शेठजी पहाटे सामायिकास बसत, म्हणून आम्ही जिना जपून उतरत असू. बँकेतून यायला उशीर झाला, तर सूर्यास्तापूर्वी आमचे ताट त्यांच्याकडे वाढलेले असे. दोन वर्षांत परकेपणा उरला नाही.

१९८८ च्या धानाच्या हंगामात त्यांनी कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागितली. त्यांची मालसाठ्याची विवरणपत्रे वेळेवर येत नव्हती, उचल मर्यादेला भिडलेली होती. मी शिफारस केली नाही. आजही तो कागद समोर आला, तर माझा शेरा तोच राहील. परंतु मी तो शेरा शेठजींना तोंडाने सांगितला नाही. त्यांच्याच घरात राहून आठवडाभर नजर चुकविली. पुढच्याच महिन्यात गडचिरोलीची बदली आली. शेठजी देवळात गेलेले असताना किल्ली दिवाणजींच्या हाती दिली आणि निघालो. मूल, सावलीमार्गे वैनगंगा ओलांडेपर्यंत बसमध्ये आम्ही दोघेही बोललो नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा तेव्हा सहा वर्षांचा होता. जंगल, पाऊस, दूरच्या शाखा, कामाचा डोंगर. विसरायला निमित्त भरपूर होते. पुढे दरवर्षी संवत्सरीनंतर क्षमापनेची पत्रे लिहिली, ओळखीपाळखीच्या सर्वांना लिहिली. त्या एका पत्त्यावर मात्र कधी लिहिले नाही.

अँटवर्पच्या त्या शांत घरात हे सारे वर आले. पत्नी म्हणाली, “एवढ्या लांब घर घेऊन राहिलो, चंद्रपूरला घर मिळते का पाहा.”

जानेवारीत परकोटाच्या आत एका निवृत्त शिक्षकांच्या घराचा वरचा मजला आठ दिवसांसाठी मिळाला. ज्यांना चंद्रपूर म्हणजे कोळसा, वीजकेंद्र आणि ताडोबाचा रस्ता एवढेच ठाऊक आहे, त्यांनी या जुन्या गावात एकदा राहावे. गोंड राजांच्या या राजधानीभोवती दगडी परकोट आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे चार दरवाजे. शिवाय पाच खिडक्या, म्हणजे लहान वाटा. २०१७ पासून इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या कार्यकर्त्यांनी तटावरील झुडपे आणि कचरा काढला, म्हणून आज बुरुजांवरून फिरता येते. आमच्या काळी तेथे काटेरी रान होते. अंचलेश्वराजवळ राजा बीरशहाची समाधी आहे. ती राणी हिराईने पतीच्या स्मरणार्थ बांधविली. जवळून झरपट वाहते, पलीकडे महाकालीचे मंदिर.

दिवसा जटपुरा दरवाजात वाहनांची एवढी दाटी की थांबून राहावे लागते. गॅलरीच्या कठड्यावर बोट फिरविले की काळे होते. पण रात्री नऊनंतर आतील गल्ल्या निवतात. ही शांतता कागदावरच्या नियमाची नव्हे, दुकानाच्या फळ्या लागतात, कुणी अंगणात खुर्ची टाकून बसतो, जाणाऱ्याला “जेवण झाले का?” असे विचारतो. अँटवर्पमध्ये पंधरा दिवसांत शेजाऱ्याचे नाव कळले नाही. येथे दुसऱ्या दिवशी आमच्या पाण्याच्या उकळण्याची चौकशी झाली.

एक दिवस भद्रावतीस गेलो. ते नागपूर रस्त्यावर सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे. मूर्तीचा ठाव स्वप्नदृष्टांताने लागला अशी परंपरा असल्याने तेथील श्री केसरिया पार्श्वनाथांना ‘स्वप्नदेव’ म्हणतात. जवळच विजासनची प्राचीन बौद्ध लेणी आहेत. दर्शन झाले, पण मन हलके झाले नाही. ज्यांची क्षमा मागावयाची ते घर पाच मिनिटांवर असताना मी पंचवीस किलोमीटर दूर आलो होतो.

सहाव्या दिवशी गेलो. दुकान निम्मे झाले होते. उरलेल्या भागात मोबाइल दुरुस्तीचे भाडेकरू. गल्ल्यावर शेठजींचे चिरंजीव. त्यांनी ओळखले. शेठजींना जाऊन नऊ वर्षे झाली होती. मी सारे सांगितले, अगदी शेऱ्यातील शब्दांसह. ते शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, “साहेब, लिमिट वाढली नाही म्हणून बाबूजींनी कधी राग धरला नाही. व्यापारात होय-नाही चालतेच. पण तुम्ही न सांगता गेले, ते त्यांना लागले होते. दोन महिने वरच्या खोल्या कोणाला दिल्या नाहीत. म्हणत, काही राहिले असेल, तर येतील.”

यावर मला बोलता आले नाही. मी हात जोडले आणि ‘मिच्छामि दुक्कडं’ एवढेच म्हणालो. जे बाबूजींना म्हणावयाचे ते मुलाला म्हणालो. हिशेब पुरता मिटला, असे मी म्हणणार नाही. मुद्दल देता येते, उशिराचे व्याज देता येत नाही.

सायंकाळी त्यांनी आम्हा दोघांना सूर्यास्तापूर्वी जेवावयास बोलाविले. जुना लाकडी जिना अजून आहे. वर जाऊन खोल्या पाहिल्या; त्यांत आता धान्याची पोती आहेत.

वाचकांपैकी कुणास जावयाचे असेल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. उन्हाळा तेथे फार कडक असतो. घर परकोटाच्या आतच घ्यावे. आणि नोकरी-व्यापाराच्या ओघात एखाद्या गावातून न सांगता निघाला असाल, तर प्रथम त्याच गावी घर शोधावे. आठव्या दिवशी सकाळी आम्ही दुकानावर थांबलो, निरोप घेतला आणि मगच स्थानकाकडे निघालो.