मुक्कामाची जागा

रतनगडावर पुन्हा एकदा जायचे, हे आम्हां भावंडांत ठरले तेव्हा मुक्कामाचा प्रश्न कोणाच्याही मनात आला नव्हता. १९७८ साली आम्ही तिघे भाऊ प्रथम त्या गडावर गेलो होतो. तेव्हा भंडारदऱ्याहून होडीने जलाशय ओलांडला, रतनवाडीला उतरलो, प्रवरेच्या पात्रातून वाट काढीत गड चढलो आणि वरच्या गुहेत एकाच घोंगडीखाली तिघे झोपलो. जागा निवडण्याचा त्रास आम्हांला पडला नाही, कारण निवडण्यासारखे जवळ काहीच नव्हते.

या खेपेस मात्र सारेच बदलले होते. आमचे थोरले बंधू पंचाहत्तरीत आले आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितले, "प्रवास करा, पण चढण नको." दादांनी त्यातले पहिले वाक्य तेवढे ऐकले. आम्ही गड चढणार म्हणजे पहाटे निघून दुपार कलेपर्यंत परत येणार. तेवढे सात-आठ तास दादा तळावर एकटे राहणार. मग तळ कोणासाठी निवडायचा? चढणाऱ्याला काय, पाठ टेकण्यापुरती जमीन मिळाली तरी चालते. तळावर खऱ्या अर्थाने राहतो तो मागे राहणाराच, ही साधी गोष्ट आमच्या ध्यानात येण्यास वसईपासून घोटीपर्यंतचा प्रवास लागला.

घोटीहून उजवीकडे वळले की रस्ता कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावावरून शेंडीला जातो. तेथेच १९२६ साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण आहे. जलाशयाच्या काठाने तंबूंच्या रांगाच रांगा लागलेल्या. मे अखेरीस काजवे पाहण्यासाठी येथे जत्रा लोटते हे ऐकून होतो. पण जानेवारीतल्या शनिवारीही गर्दी काही कमी नव्हती. जागा सोयीची, जेवण तयार, पाण्यात पडलेले डोंगराचे प्रतिबिंब तर चित्रासारखे. परंतु दिव्यांच्या माळा लावून कर्णे इतक्या मोठ्याने वाजत होते, की दादांनी कानातले यंत्र काढून खिशात ठेवले. आमच्यातल्या तरुण मंडळींना तेथेच थांबावेसे वाटत होते. ती थोडी हिरमुसली. आम्ही पुढे निघालो.

रतनवाडीच्या अलीकडे, ओढ्याला लागून, उंबराखाली सपाट वाळू दिसली. पाणी हाताशी, सावली दाट, समोर गड. आम्ही हरखून गेलो आणि पहाता पहाता तंबू उभा केला. पावसाळ्यात पात्रात उतरणे हा वेडेपणा, हे आम्हांला ठाऊक होते. जानेवारीत कसली भीती, असे मनाला समजावले. दादांसाठी आणलेली घडीची खुर्ची झाडाखाली मांडली. ते बसले नाहीत. "मला इथे सामान राखायला ठेवणार आहात काय?" एवढेच बोलले आणि काठी टेकीत ओढ्याच्या कडेने चालू लागले. त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

इतक्यात डोक्यावर लाकडांचा भारा घेतलेली एक बाई वाटेवर थांबली. तंबूकडे पाहिले, मग दादांकडे. "म्हातारबाबांना या खळग्यात निजवता व्हय? रातच्याला गारठा खाली उतरतो. पाठ धरंल. आमच्या खळ्यावर या." तिचे म्हणणे शास्त्राला धरून होते. थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून घरंगळत ओहोळात साचते. दव पडते ते तेथेच अधिक. शिवाय गड गावाच्या नैर्ऋत्येला, म्हणून ऊन लवकर ढळते. रात्रभर साचलेला गारवा सकाळचे ऊन येईपर्यंत हालत नाही, आणि झाडाच्या दाट सावलीत तर ते ऊन उशिराच पोचते. हे सारे आम्ही कोठेतरी वाचलेले होते. वाचलेले वेळेवर आठवत नाही, एवढेच.

खळे घरापासून हाकेच्या अंतरावर, जरा उंचावर होते. भाताची झोडणी होऊन गेलेली, जमीन शेणाने सारवलेली, कोरडी आणि टणक. पूर्वेकडे मोकळे. बाईच्या सासऱ्यांनी पेंढ्याच्या चार पेंढ्या आणून तंबूत अंथरल्या. तेथून जलाशय दिसत नव्हता, चित्रासारखे तर काहीच नव्हते. एका बाजूस गोठा, दुसऱ्या बाजूस तुळईला टेकवलेला नांगर. रात्री गाय हंबरली की तरुण मंडळी दचकून उठत. दादा मात्र घोरत होते.

सकाळी निघताना त्यांनीच आम्हांला घाई केली. सुमारे १,३०० मीटर उंचीचा हा गड आता आमचाही दम काढतो. लोखंडी शिड्यांवर पाय थरथरले. नेढ्यात बसून वारा अंगावर घेताना १९७८ चे तिघे आठवले आणि आम्ही दोघे फारसे बोललो नाही. उतरण्यापूर्वी कड्यावरून गाव शोधले. जलाशयाच्या टोकाशी घरांचे ठिपके दिसले. आमचे खळे कोणते, ते काही ओळखू आले नाही. धाकट्याने उगाच हात हालवला.

परतलो तेव्हा घडीची खुर्ची जशीच्या तशी घडीत होती. दादा ओसरीवर मांडी घालून, घरच्या म्हाताऱ्यांबरोबर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. दोघे सकाळी काठ्या टेकीत प्रवरेच्या पहिल्या ओलांडणीपर्यंत जाऊन आले होते म्हणे. डॉक्टरांच्या भाषेत ती चढण ठरते की नाही, हे आम्ही विचारले नाही. बोलणे चालले होते ते पावसाचे, भाताच्या रोपांचे आणि केळीचे. आमच्या दादांची उभी हयात वसईच्या वाडीत केळी लावण्यात गेली. आजारपणानंतर तो विषय त्यांनी घरात काढणेच सोडले होते, कारण ऐकणारे कोणी उरले नव्हते.

निघताना आम्ही पैसे पुढे केले. सासऱ्यांनी दादांकडे पाहिले, दादा हसले. हिशेब आमच्या माघारी झालेला होता. घराच्या मागे सांडपाणी जाते तेथे दोन केळी लागतील, असे दोघांचे ठरले होते.

घोटी येईपर्यंत दादा खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "मुनवे पावसाच्या तोंडावर पोचले पाहिजेत. मे अखेरीस गाडी कोण काढतो?"